नलिनी पानवलकरांना आधीच कसं कळतं?

सेक्टर ३५, पुढची खोली

"लिही, नंदू. विश्वनाथ गुळवणी, वय पंचेचाळीस. पोटासाठी नकाशे काढणारा, वृत्तीनं गुप्तहेर. नजर अशी की भिंतीकडे पाहिलं तर पलीकडचा माणूस अंग चोरतो. स्मरणशक्ती अशी की विसरलेल्या गोष्टीसुद्धा तपशीलवार सांगतो. अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही. परिस्थिती चुकली असेल. उत्तर भारतात मराठी गुप्तहेर एकच, तो मी. दक्षिणेत कोणी असल्यास त्यानं पत्रव्यवहार करावा."

इथवर दाजींनी सांगितलं, मी लिहिलं. मग ते आंघोळीला गेले आणि वही माझ्या हातात राहिली. यापुढचं सगळं मी त्यांच्या आंघोळीच्या वेळांत लिहिलं आहे. चंदीगडच्या थंडीत दाजी रोज आंघोळ करत नाहीत, त्यामुळे मजकूर सलग नाही. वाचकांनी दोष हवेला द्यावा.

दाजी म्हणजे माझ्या शैलजाताईचे यजमान. मी विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करतो आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहतो. ते भाडं घेत नाहीत; त्याऐवजी मी त्यांचा सहायक आहे. भाडं परवडलं असतं.

गुप्तहेराला हे शहर अगदी वाईट. रस्ते सरळ, सेक्टरांना नंबर, घरांना नंबर. लपायचं म्हटलं तरी पत्ता देऊन लपावं लागतं. त्यामुळे दाजींच्या नावावर आजवर एकच मोठं प्रकरण आहे, हरवलेल्या सेक्टरचं. चंदीगडात बारावा सेक्टर आहे, चौदावा आहे, तेरावा नाही. आकडा अशुभ म्हणून गाळला, असं इथला भाजीवालाही सांगतो. दाजी ताईला मागणी घालायला आले तेव्हापासून त्याच्या मागावर आहेत. तो चोरीला गेला असावा, इथपर्यंत तपास आला आहे.

सेक्टर १०, स्केटिंगची रिंक

हे घडलं अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत. दहशतवादाच्या त्या वर्षांत पंजाबात संध्याकाळ झाली की माणसं घरात जाऊन आतून कडी लावत. चंदीगड त्या मानानं बरं, म्हणजे इथे नाक्यावर स्कूटरची डिकी उघडायला लावत आणि नंतर ‘थँक्यू जी’ म्हणत. बाजारात भोंग्यावरून दिवसभर एकच सूचना चालायची की बेवारस वस्तूला हात लावू नका. अंधार पडल्यावर करायला काही नसे. अशा वेळी शहाणी माणसं पत्ते खेळतात. आमच्या महाराष्ट्र मंडळानं दाजींचं ऐकलं.

दाजींची मुलगी नयना रिंकवर चाकांचे स्केट घालून गोल गोल धावायची. दाजी तिला न्यायला दोनदा गेले आणि तिसऱ्या दिवशी स्पीड स्केटिंगचे तज्ज्ञ झाले. त्याच सुमारास कॅनडात, कॅलगरीला, हिवाळी ऑलिंपिक सुरू होत होतं. नयना म्हणाली, "पापा, वो बर्फ़ पे होता है. ये सीमेंट है." दाजी म्हणाले, तत्त्व तेच.

मंडळात त्यांनी भाकीत स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक शर्यतीचं सुवर्णपदक कोण घेणार ते चिठ्ठीवर लिहून दाजींच्या व्हरांड्यातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. ज्या सकाळी पेपरात निकाल यायचा, तिच्या आदल्या संध्याकाळी सहापर्यंत चिठ्ठी पडलीच पाहिजे. बक्षीस, नागपूरहून आलेला संत्रा बर्फीचा डबा. शर्यतींचं वेळापत्रक दाजींनी नकाशाच्या कागदावर, नकाशाच्या अक्षरात काढलं. ते इतकं देखणं होतं की ते बरोबर आहे का असं विचारायचं कोणाच्या मनातच आलं नाही. मंडळात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, अवकाशातल्या किरणांवर काम करणारे एक गृहस्थ आहेत. सगळ्यांनी रांगेत उभं राहून चिठ्ठ्या टाकल्या.

दाजींचं स्वतःचं भाकीत शास्त्रीय होतं. एका मासिकातल्या फोटोंवर पट्टी आणि कंपास ठेवून त्यांनी खेळाडूंच्या मांड्या मोजल्या, त्या एका प्रमाणावर आणल्या आणि जाहीर केलं की सगळी पदकं पूर्व जर्मनीची. पूर्व जर्मनीचे खेळाडू कॅमेऱ्याच्या जवळ उभे होते, एवढंच त्यावरून सिद्ध होत होतं.

पहिली शर्यत, पाचशे मीटर, पूर्व जर्मनीनं जिंकली. त्या दिवशी दाजी कचेरीतून चालत आले, लोकांना अभिनंदन करता यावं म्हणून. त्यानंतर पाच हजार मीटर स्वीडननं घेतली. हजार मीटर रशियानं. दहा हजार पुन्हा स्वीडन. बायकांची पाचशे अमेरिकेनं. दाजींच्या मांड्या एकेक करून गळत होत्या आणि सगळ्या शर्यतींची बरोबर उत्तरं फक्त एका चिठ्ठीवर येत होती. ती नलिनी पानवलकरांची.

नलिनीबाई मूळच्या रत्नागिरीच्या. यजमान हवाई दलात, पहाटे मालवाहू विमान घेऊन लेहला जाणारे. क्वार्टर मिळेपर्यंत दोघं आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहत होती. मंडळात बाई शेवटच्या रांगेत बसून स्वेटर विणायच्या. स्केटिंगबद्दल त्यांनी मला एकदाच काही विचारलं होतं, ते म्हणजे त्या पोरांना गार वाजत नाही का.

मग बायकांची तीन हजार मीटर आली. जाणकार म्हणवणारे सगळे पूर्व जर्मनीच्या बाजूचे. नलिनीबाईंच्या चिठ्ठीवर हॉलंड. जिंकली हॉलंडची मुलगी.

दाजी दोन घास कमी जेवले. मग म्हणाले, "नंदू, हा गुन्हा आहे."

सेक्टर ३५, चौकशी

दाजींच्या पद्धतीत चौकशीचे फक्त प्रश्न नोंदवायचे असतात. उत्तरांमुळे तपासाला दिशा लागते आणि दिशा लागली की गुप्तहेर बांधला जातो, असं ते म्हणतात. म्हणून नोंद अशी आहे.

प्रश्न. आपण पूर्वी हॉलंडला गेला होता का?

प्रश्न. नाही, तर का नाही?

प्रश्न. आपल्या माहेरी कोणी बर्फावर घसरतं का?

प्रश्न. रत्नागिरीत बर्फ पडत नाही, याला साक्षीदार कोण?

प्रश्न. मग आपल्याला आधीच कसं कळतं?

प्रश्न. साखर किती?

या वेळी मी मागच्या दाराशी उभा होतो. संशयित पळून जाऊ नये म्हणून दाजींनी मला तिथे ठेवलं होतं. पाचव्या प्रश्नाचं उत्तर बाई बऱ्यापैकी सविस्तर देत असाव्यात, कारण आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मग त्या चहा पिऊन पुढच्या दारानं गेल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"बोलत होत्या. मी त्यांच्या हातांकडे पाहत होतो. विणताना एकही टाका चुकला नाही. निर्ढावलेली बाई आहे."

सेक्टर ३५, सिद्धांत

पहिला सिद्धांत साड्यांचा. हॉलंड जिंकलं त्या संध्याकाळी नलिनीबाईंची साडी नारिंगी होती आणि हॉलंडचे खेळाडू नारिंगी कपडे घालतात. म्हणजे साडी हा संकेत. मला दोन दिवस त्यांच्या दारावरून जाऊन साडीचा रंग बघून यावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून विचारलं की तुला लग्नासाठी मुली बघायच्या आहेत का. आधी स्वीडन जिंकलं त्या दिवशी पोपटी साडी होती याची मी आठवण दिली, तेव्हा दाजी म्हणाले की ती दिशाभूल.

दुसरा सिद्धांत उंचीचा. लेह उंचावर आहे, विमान त्याहून उंच जातं, आणि उंचावरून कॅनडाच्या लहरी सापडतात. पानवलकर तिथून निकाल घेऊन खाली येतात. मी म्हटलं की पृथ्वी गोल आहे आणि कॅनडा तिच्या दुसऱ्या बाजूला आहे. दाजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, तुझा विषय रसायन.

तिसरा सिद्धांत ऐकून मला हसू आलं नाही.

सेक्टर ३५, शेजार

आमच्या डाव्या हाताला सरदार गुरमुखसिंग सोधी राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आम्ही त्यांना सोधीअंकल म्हणतो, ते दाजींना गुलवाणी साब म्हणतात. त्यांच्या गच्चीवर उंच अँटेना आहे, लाहोरची नाटकं दिसावीत म्हणून. दिसत नाहीत, मुंग्या दिसतात, त्या ते श्रद्धेनं पाहतात. त्यांच्याकडे फोन आहे. आणि त्यांची मुलगी लग्न होऊन कॅलगरीला असते. पंजाबात दर तिसऱ्या घराचं कोणीतरी कॅनडात असतं, पण दाजींना एकाच घराचं कळलं.

दाजी खिडकीत उभे राहू लागले. त्यांना दिसलं ते असं. रोज सकाळी नलिनीबाई सोधींच्या घरी जातात. थोड्या वेळानं बाहेर येतात. येताना चेहरा हलका झालेला असतो. संध्याकाळी त्यांची चिठ्ठी पडते.

"परदेशी संदेश," दाजी म्हणाले. "कॅलगरीहून फोन, गच्चीवर यंत्र, मधे सोधी. आणि पोरगा."

पोरगा म्हणजे परमिंदर, सोधीअंकलचा मुलगा. त्याच्याबद्दल मला सांगायला हवं. आदल्या वर्षी तो लुधियानाहून येत असताना त्याला पोलिसांनी बसमधून उतरवून नेलं होतं. चूक झाली होती, दुसऱ्याच कोणाला शोधत होते. तीन आठवड्यांनी तो घरी आला. त्यानं कोणाला काही सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. फक्त तेव्हापासून दाराची घंटा वाजली की तो बसल्या जागेवरून उठून उभा राहतो. त्याच्या बहिणीनं आता तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळवून दिला होता. पासपोर्टचा अर्ज गेला होता, पोलिसांची चौकशी यायची होती. त्याच आठवड्यात सोधीअंकल आमच्याकडे पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊन आले आणि दाजींना म्हणाले की पोलीसवाला शेजाऱ्यांना विचारायला येईल, तुम्ही दोन शब्द बोला. दाजींनी पिन्नी खाल्ल्या आणि ते गेल्यावर त्याला लाच म्हणाले.

आता ते पोलिसांना तक्रार लिहिणार होते. इसम सोधी व त्याचा मुलगा परमिंदर यांच्या घरातून परदेशाशी गुप्त संपर्क चालतो, वगैरे. ते वर्ष असं होतं की एवढ्या ओळी पुरेशा होत्या. पासपोर्ट राहू दे, परमिंदर रात्री घरात झोपेल की नाही, हे त्या कागदावर ठरणार होतं. आणि हे सगळं बिस्किटांच्या डब्यावरून.

दाजींचं हिंदी कच्चं. त्यांनी मला मजकूर हिंदीत करून द्यायला सांगितलं. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मागची खोली कोणाची आहे? मी म्हटलं, तुमची आहे, मी सामान काढतो, पण हे लिहिणार नाही. मग टेबलाशी बसून त्यांनी तो कागद मराठीतच लिहिला, सुबक, नकाशाच्या अक्षरात.

सेक्टर १३

(हे प्रकरण दाजींनी स्वतः लिहितो म्हणून पानं मागून घेतली. अजून सापडलेली नाहीत.)

सेक्टर ३५, स्वयंपाकघर

मी ताईकडे गेलो. ती सरसोंचा पाला चिरत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं विळी बाजूला केली.

"कागद कुठे आहे?"

"शर्टाच्या खिशात."

"आणि ते?"

तेवढ्यात बाहेर स्कूटर सुरू झाली. व्हरांड्यात डबा नव्हता. पुरावा म्हणून दाजी तोही घेऊन गेले होते, जुन्या आणि त्या संध्याकाळच्या चिठ्ठ्यांसकट.

ताईनं हात पदराला पुसले, पायात चपला घातल्या. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "लग्नाआधी आईनं विचारलं होतं, मुलगा कसा वाटतो. मी म्हटलं, निरुपद्रवी वाटतो."

चौकी, सेक्टर सांगत नाही

आम्ही पोचलो तेव्हा चौकीसमोरचा रस्ता मोकळा केलेला होता. माणसं लांब उभी होती. मधोमध, कुंपणाच्या भिंतीवर, वाळूच्या पोत्यांच्या अर्धवर्तुळात आमचा बिस्किटांचा डबा.

झालं होतं असं. दाजींनी डबा भिंतीवर ठेवला, स्कूटर स्टँडवर लावली आणि साहेब कुठे बसतात ते विचारायला आत गेले. डब्याला वर चीर होती. झाकणावर दाजींनी स्पर्धेच्या शिस्तीसाठी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘कोणीही हात लावू नये’. पहाऱ्यावरच्या जवानाला त्यातला ‘हात’ एवढा कळला, आणि त्यानं तो लावला नाही.

शेवटी एकानं लांब बांबूनं डबा खाली पाडला. आतून चिठ्ठ्या निघाल्या. चिठ्ठ्या आणि दाजी, दोन्ही साहेबांच्या टेबलासमोर नेले गेले, आणि घरची माणसं म्हणून आम्हीही. साहेब म्हणजे एक रुंद खांद्याचे, झोप अपुरी झालेले सब-इन्स्पेक्टर. त्यांनी चिठ्ठ्या पसरल्या आणि वाचू लागले.

"पाँच सौ, पूर्वी जर्मनी. एक हज़ार, रूस. पाँच हज़ार, स्वीडन. दस हज़ार, ये भी स्वीडन." त्यांनी वर पाहिलं. "माल क्या है?"

दाजींनी छाती पुढे काढली. "मेडल."

"दस हज़ार मेडल?"

"नहीं. दस हज़ार मीटर."

साहेबांनी मीटर असं लिहून घेतलं. मग विचारलं, कशाचे मीटर, कापडाचे की तारेचे. दाजींनी मांडीचा सिद्धांत समजावायला सुरुवात केली, स्वतःच्या मांडीवर हात ठेवून. शेजारच्या टेबलावरचा मुन्शी लिहायचा थांबला. मला वाटलं, आता सगळेच आत जाणार.

मग साहेबांच्या हाती त्या संध्याकाळची एक चिठ्ठी आली. बारीक, तिरपं अक्षर. महिला, पाच हजार, हॉलंड. त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"ओ जी, ये तो वो डच कुड़ी है. तीसरा गोल्ड ले गई."

दाजी हसले, तज्ज्ञ अडाण्याला हसतो तसे. म्हणाले, नाही, निकाल उद्या आहे. वेळापत्रक त्यांनी स्वतः काढलं आहे.

"कल अख़बार में है, जी. दौड़ तो हो गई. सवेरे रेडियो पे आ गया था." साहेब मुन्शीकडे वळले. मुन्शीनं मान हलवली. त्यानंही ऐकलं होतं.

ज्या रहस्यानं मला परस्त्रीच्या साड्या मोजायला लावल्या ते एवढंच होतं. कॅनडात दिवस मावळतो तेव्हा आपल्याकडे उजाडतं. आपला पेपर मध्यरात्री छापतात तेव्हा तिकडे शर्यत संपलेली नसते, म्हणून निकाल पेपरात एक दिवस उशिरा येतो. दाजींच्या लेखी पेपरात येईपर्यंत कोणतीही गोष्ट घडतच नाही. आणि आमचं अख्खं मंडळ, किरणवाले गृहस्थ धरून, रोज संध्याकाळी सहा वाजता ज्या शर्यतींची भाकितं करत होतं, त्यातले खेळाडू तोवर पदक गळ्यात घालून, जेवून, गाढ झोपलेले असत.

मग बाकीच्यांना रेडिओवर का कळलं नाही? रेडिओ तर त्या वर्षांत सगळेच लावत. कुठे कर्फ्यू, कुठे किती माणसं गेली, बस चालू की बंद. तेवढं ऐकलं की पुढचं ऐकवत नसे, हात आपोआप बटणाकडे जाई. खेळाच्या बातम्या शेवटी, आणि त्यांच्याही नंतर हवामान. नलिनीबाईंना हवामान हवं असे. लेहवर ढग आहेत का, एवढं एकच. ते कळलं की त्या सोधींच्या घरी जाऊन हवाई दलाच्या तळावर फोन करत, विमान उतरलं का म्हणून. उतरलं असेल तर चेहरा हलका होई. ढगांची वाट पाहता पाहता त्यांच्या कानावर स्वीडन आणि हॉलंड पडत. हे सगळं त्यांनी चौकशीतच सांगितलं होतं. दाजी हातांकडे पाहत होते.

"मला वाटलं, कोण लक्ष देऊन ऐकतं ते गुळवणी तपासतायत," त्या मला नंतर म्हणाल्या. "झालेल्या गोष्टीचं भाकीत कोण करतं?"

चौकीत आता हवा सैल झाली होती. साहेबांनी चहा सांगितला. चिठ्ठ्या गोळा करून डब्यात टाकल्या. आणि मग, सवयीनं, काही मनात न ठेवता विचारलं, "और जेब में क्या है?"

दाजी हे विचारल्या प्रश्नाचं उत्तर देणारे सरकारी नोकर. त्यांनी खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला.

साहेबांनी घडी उलगडली. मराठी पाहून डोळे बारीक केले. पण नावं नावांसारखीच दिसतात. "सोधी," ते म्हणाले. "परमिंदर. ये कौन हैं?"

ताई पुढे झाली आणि तिनं तो कागद त्यांच्या हातातून घेतला, भाजीवाल्याकडून पिशवी घ्यावी इतक्या सहज.

"मराठी में है जी. मैं पढ़ देती हूँ."

तिनं कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचू लागली.

"मैं, विश्वनाथ गुळवणी, अपने पड़ोसी सरदार गुरमुखसिंग सोधी और उनके बेटे परमिंदर के बारे में लिखता हूँ." इथे ती एक श्वास थांबली. "कि ऐसे पड़ोसी मिलें, इतनी मेरी लायकी नहीं है. पिछले साल मेरी बीवी के पेट में दर्द उठा, तब मैं दर्द का कारण खोजता रहा और गाड़ी सोधीजी ने निकाली. मैं उनकी दी हुई मिठाई खाता हूँ और फिर उन्हीं की खिड़की में झाँकता हूँ. मुझे कोई काम ठीक से नहीं आता, इसलिए मैं दूसरों पर शक करता हूँ. नक्शे अच्छे निकालता हूँ. बस."

दाजींनी तोंड उघडलं. "मैंने ऐसा कुछ..." मी त्यांच्या पायावर पाय ठेवला, आणि त्यावर माझं सगळं वजन ठेवलं.

"नीचे लिखा है, मुझे माफ़ किया जाए," ताईनं शेवट केला. "और दस्तख़त."

साहेबांनी हात पुढे करून कागदाचं टोक खाली वाकवलं आणि पाहिलं. "चार लाइनें हैं, बहनजी. आपने बहुत पढ़ा."

"मराठी में थोड़े में बहुत लिखते हैं जी."

ते ताईकडे पाहत राहिले. मग माझ्या बुटाकडे, त्याच्या खालच्या दाजींच्या चपलेकडे. बाहेर भोंगा तीच सूचना पुन्हा देत होता.

"ले जाओ," ते म्हणाले. "संभाल के रखना. न रखो तो और अच्छा."

रिक्षात ताईनं कागदाचे तुकडे केले, मग तुकड्यांचे तुकडे, आणि घर येईपर्यंत ते मुठीत ठेवले. दाजी स्कूटरवरून आमच्या शेजारून चालले होते. एका सिग्नलला थांबल्यावर त्यांनी ताईला विचारलं की अक्षर वाचता आलं ना नीट.

सेक्टर ३५, गेट

मंडळाच्या सभेत दाजींनी प्रकरण सुटल्याचं जाहीर केलं. म्हणाले, संशयित व्यक्तीला माहिती थेट सरकारी यंत्रणेकडून पुरवली जात होती, यापेक्षा जास्त मी बोलू शकत नाही. टाळ्या वाजल्या. संत्रा बर्फी नलिनीबाईंनी सगळ्यांना वाटली आणि उरलेली पानवलकरांबरोबर लेहला पाठवली.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला तो मार्चच्या एका सकाळी, सायकलवरून. सोधींचं काम आटपून आमच्या गेटशी थांबला. परमिंदर त्यांच्या फाटकात उभा होता, हात बाजूला सरळ सोडून. सोधीअंकल पायऱ्यांवर. ताई व्हरांड्यात आली, ओल्या हातांनी. दाजी दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण ठेवून बाहेर आले.

हवालदारानं विचारलं, "लड़के को कब से जानते हो?"

दाजींनी घसा साफ केला. ताईनं माझा दंड धरला, आणि मला तिची नखं लागली.

"मैंने इस लड़के पर," दाजी म्हणाले, "पंद्रह दिन लगातार नज़र रखी है. दिन-रात."

हवालदारानं पेन कागदावरून उचललं. "क्यों?"

"शौक़ है."

"इनको और कोई काम नहीं है जी," ताई म्हणाली.

हवालदारानं दाजींना साबणापासून चपलेपर्यंत पाहिलं. ताईचं म्हणणं त्याला पटलेलं दिसलं. "तो क्या देखा?"

दाजींनी डोळे मिटले आणि पाठ म्हणून दाखवलं. पोरगा सकाळी दूध आणतो. बाप पगडी बांधतो तेव्हा तिचं दुसरं टोक धरून उभा राहतो. गच्चीवर कपडे वाळत घालतो आणि पडले तर पुन्हा धुतो. दुपारी पुस्तक घेऊन बसतो आणि त्याच पानावर झोपतो. ताईला दिवसातून तीनदा नमस्ते करतो, दाजींना एकदा. कोणाला भेटत नाही, कुठे जात नाही, कोणी त्याच्याकडे येत नाही. "कुछ नहीं मिला," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर खिन्न होता. "मैंने बहुत कोशिश की."

हवालदारानं लिहिलं. मोठ्यानं उच्चारत लिहिलं, म्हणून मला कळलं, "पड़ोसी ने पूरी जाँच की. चाल-चलन ठीक." मग त्यानं दाजींची सही घेतली, साबणाचा एक ठिपका कागदावर पडला तो अंगठ्यानं पुसला, आणि सायकलवर टांग टाकली.

परमिंदर एप्रिलात कॅलगरीला गेला. दाजी म्हणतात, निसटला.